मनाची जखम आणि डोळ्यांची येरझार

समजा, तुमच्या गावातला एक धडधाकट बागायतदार आहे. पावसाळ्यातल्या एका रात्री बाजाराहून परतताना त्याचा टेम्पो पुलावरून ओढ्यात कोसळला. शेजारी बसलेला धाकटा भाऊ जागच्या जागी गेला, हा वाचला. हाताचे हाड मोडले होते, ते दीड-दोन महिन्यांत सांधले. डॉक्टरांनी प्लास्टर काढले आणि "आता तुम्ही बरे आहात" म्हणून घरी पाठवले. पण वर्ष लोटले तरी गडी बरा नाही. पत्र्यावर पाऊस वाजू लागला की त्याला दरदरून घाम फुटतो. डिझेलचा वास आला की छाती धडधडते. तो पूल लागू नये म्हणून तो मैलोगणती वळसा घालून जातो. रात्री ओरडत उठतो, दिवसा पोरांवर उगाच खेकसतो. घरातली म्हातारी म्हणते, "बाहेरचं काहीतरी लागलंय." शेजारी म्हणतात, "मनाचा कच्चा निघाला." आणि भावकीतला एखादा तर म्हणतो, "कामाची टाळाटाळ, दुसरं काय!"

मंडळी, ह्यांतले एकही निदान खरे नाही. हाड मोडावे तशी ह्या माणसाच्या मनाला इजा झाली आहे. हाडाची इजा दिसते, म्हणून आपण तिला मान देतो. मनाची दिसत नाही, म्हणून तिला नावे ठेवतो. एवढाच काय तो फरक. ह्या इजेवर उपचार आहेत आणि ते लागूही पडतात. त्यांतल्या एका उपचारात तज्ज्ञ माणूस रोग्याच्या डोळ्यांपुढे दोन बोटे इकडून तिकडे हालवतो आणि रोग्याने नजरेने त्यांचा पाठलाग करायचा असतो. ऐकून तुम्ही म्हणाल, "अहो, हे तर मांत्रिकासारखंच झालं!" तसे वाटणे साहजिक आहे. म्हणूनच हा उपचार काय आहे आणि काय नाही, हे आज जरा निवांतपणे पाहू.

आधी रोगाची ओळख करून घेऊ. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमारातून जिवंत परतलेले कित्येक शिपाई थरथर कापत, कोणाची वाचा जाई, कोणाची नजर. अंगावर मात्र जखम नसे. १९१५ साली चार्ल्स मायर्स ह्या इंग्रज डॉक्टराने 'द लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रात अशा रुग्णांविषयी लिहिले आणि 'शेल शॉक' हा शब्द रूढ झाला. शेल म्हणजे तोफेचा गोळा. गोळ्याच्या दणक्याने मेंदू हादरला असावा, अशी तेव्हाची समजूत होती. पण जे तोफेच्या जवळपासही नव्हते त्यांनाही हाच त्रास होई. मग लष्कराचा संशय बळावला, की हे भ्याड आहेत. पळून जाणे, भ्याडपणा दाखवणे अशा आरोपांखाली ब्रिटिश लष्कराने आपल्याच शिपायांना गोळ्या घातल्या. त्यांपैकी ३०६ जणांना ब्रिटिश सरकारने २००६ साली, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षांनी, माफी दिली. त्यांतले काही जण मनाने जखमी होते, हे तोवर जगाला कळून चुकले होते. मनाच्या जखमेचे निदान चुकले तर किंमत कुठवर जाते, ते ह्यावरून ध्यानात येईल.

व्हिएतनामच्या युद्धाहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांतही हीच लक्षणे दिसली आणि १९८० साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या रोगसूचीत हा विकार रीतसर दाखल केला. मराठीत त्याला 'आघातोत्तर ताणविकार' म्हणता येईल. युद्धच हवे असे नाही. अपघात, भूकंप, पूर, आग, मारहाण, बलात्कार, लहानपणीचा छळ, डोळ्यांदेखत झालेला मृत्यू, ह्यांपैकी कशानेही तो होऊ शकतो. त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. घडलेला प्रसंग नको असताना पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतो किंवा स्वप्नात छळतो. त्याची आठवण देणाऱ्या जागा, माणसे, वास, आवाज माणूस टाळू लागतो. मन उदास होते, 'माझंच चुकलं' असे वाटत राहते. आणि शरीर सदा सावध असते, जरा खट्ट झाले की दचकते. पहिले काही आठवडे असे होणे हा रोग नव्हे, कोणाही माणसाला ते होईल. बहुतेकांचे ते हळूहळू आपोआप ओसरते. महिना उलटून गेल्यावरही ज्याचे ओसरत नाही, दिवसाचे काम आणि रात्रीची झोप ज्याची बिघडलेलीच राहते, त्याला मात्र उपचाराची गरज आहे.

आता प्रश्न असा, की प्रसंग संपला तरी भीती का संपत नाही? एक आपल्या रोजच्या व्यवहारातला दाखला देतो. जमीन विकली, ताबाही दिला, पण तलाठ्याच्या दप्तरी फेरफार झाला नाही, तर सातबाऱ्यावर जुनेच नाव राहते. प्रत्यक्षात सारे बदललेले असते, कागदाला मात्र त्याचा पत्ता नसतो. मनाचेही असेच होते. नेहमीचे बरेवाईट प्रसंग घडले की त्यांची यथावकाश नोंद होते: "हे अमुक दिवशी घडले, आणि आता ते संपले आहे." पण जीवघेण्या प्रसंगी भीतीचा जोरच इतका असतो की ही नोंद अर्धवट राहते. मेंदूत आमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग आहे, तो धोक्याची घंटा वाजवतो. हिपोकॅम्पस नावाचा दुसरा भाग आहे, तो घटनेला स्थळ आणि काळ लावून ठेवायला मदत करतो. पहिल्याचा गलबला फार झाला की दुसऱ्याचे काम नीट होत नाही, असे मानतात. मग ती आठवण तारखेवाचून, जशीच्या तशी कच्ची पडून राहते. पत्र्यावर पाऊस वाजला की मेंदूला वाटते, ओढ्यात कोसळणे आत्ताच चालू आहे. माणसाला बुद्धीने ठाऊक असते की आपण घरात आहोत, पण शरीराच्या दप्तरी फेरफार झालेला नसतो. हा तपशील पुढे पुन्हा लागणार आहे, तो ध्यानात ठेवा.

आता मूळ विषयाकडे येऊ. फ्रान्सिन शापिरो नावाच्या एक अमेरिकन बाई होत्या. न्यूयॉर्कमध्ये इंग्रजी साहित्यात पीएच. डी.चा अभ्यास करीत असताना १९७९ साली त्यांना कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. त्यातून त्या बऱ्या झाल्या, पण मनावरचा ताण आणि शरीर ह्यांचा संबंध काय, ह्या प्रश्नाने त्यांना धरले आणि साहित्य सोडून त्या मानसशास्त्राकडे वळल्या. १९८७ साली कॅलिफोर्नियात एका उद्यानात फिरत असताना त्यांच्या ध्यानात आले, की मनात घोळणारे काही त्रासदायक विचार एकाएकी फिके पडले आहेत. त्यांनी स्वतःकडे बारकाईने पाहिले. तो विचार येताच आपले डोळे झरझर इकडून तिकडे फिरतात आणि मग विचाराची धार कमी होते, असे त्यांना वाटले. मग त्यांनी मुद्दाम डोळे हालवून पाहिले, ओळखीच्या माणसांवर प्रयोग केला. स्वतःचे डोळे स्वतः हालवत राहणे लोकांना जड जाई, म्हणून त्यांनी आपली बोटे त्यांच्यापुढे धरली. त्यानंतर युद्धातून परतलेले सैनिक आणि अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्ती अशा २२ जणांवर रीतसर प्रयोग करून त्यांनी १९८९ साली तो प्रसिद्ध केला. ह्या पद्धतीचे नाव 'आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग', थोडक्यात ई. एम. डी. आर. आपल्या भाषेत सांगायचे तर, डोळ्यांच्या हालचालीच्या मदतीने आठवणीचा दाह कमी करणे आणि तिची नव्याने नोंद घेणे. शापिरोबाई २०१९ साली वारल्या, तोवर ही पद्धत जगभर पसरली होती.

प्रत्यक्षात काय करतात? बोटे हालवणे हा साऱ्या उपचाराचा एक तुकडा आहे. एकंदर पायऱ्या आठ. पहिल्या पायरीत तज्ज्ञ सगळी हकीकत समजून घेतो आणि ह्या माणसाला हा उपचार आत्ता सोसेल का, हे ठरवतो. दुसरीत तयारी. मन फार बिथरले तर कसे सावरायचे, हे आधी शिकवतात. जिथे निर्धास्त वाटते अशी एखादी जागा, देवळाचा ओटा म्हणा, मळ्यातले आंब्याचे झाड म्हणा, मनात आणायची सवय करून घेतात. पोहायला शिकवणारा आधी काठ दाखवतो, तसेच हे.

तिसऱ्या पायरीत मोजमाप होते. आपल्या बागायतदाराला विचारतील, "त्या रात्रीचं सगळ्यात वाईट चित्र कोणतं?" तो म्हणेल, भावाचा हात. "ते चित्र पाहताना स्वतःविषयी काय वाटतं?" "भाऊ माझ्यामुळं गेला." "त्याऐवजी काय वाटावं असं तुम्हाला वाटतं?" "मला जेवढं करता आलं तेवढं मी केलं." हे दुसरे वाक्य किती खरे वाटते, त्याला १ ते ७ ह्यांतला आकडा द्यायचा. त्रास किती होतो, त्याला ० ते १० ह्यांतला. आणि तो त्रास शरीरात कुठे जाणवतो तेही सांगायचे: छातीत, घशात की पोटात.

चौथी पायरी डोळ्यांची. ते चित्र, ते वाक्य आणि शरीरातली ती जाणीव मनात धरायची आणि तज्ज्ञाची बोटे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरतील त्यांच्यामागे नजर न्यायची, मान न हालवता. सुमारे अर्ध्या मिनिटाने बोटे थांबतात. "आता सोडून द्या. एक मोठा श्वास घ्या. काय जाणवतंय?" जे येईल ते दोन शब्दांत सांगायचे. कधी दुसरेच चित्र येते, कधी रडू येते, कधी राग, कधी लहानपणचा भाऊ आठवतो. तज्ज्ञ त्यावर प्रवचन देत नाही, "ते धरून ठेवा" म्हणून पुन्हा बोटे फिरवतो. असे फेरे करता करता त्रासाचा आकडा उतरत जातो. ज्यांना डोळ्यांनी जमत नाही त्यांच्या हातांवर आळीपाळीने हलकी थाप देतात किंवा एकदा ह्या कानात, एकदा त्या कानात आवाज ऐकवतात. पाचव्या पायरीत चांगले वाक्य मनात रुजवतात. सहाव्यात शरीरात कुठे ताण उरला आहे का ते तपासतात. सातव्यात माणसाला शांत करून मगच घरी पाठवतात. आणि आठवी पायरी पुढच्या भेटीची: मागचे काम टिकले का ते पाहण्याची. एक बैठक तास-दीड तासाची असते. एकाच अपघाताचा त्रास असेल तर थोड्या बैठकांत काम भागते. वर्षानुवर्षे छळ सोसलेल्याला पुष्कळ जास्त वेळ लागतो.

ह्या पद्धतीचा एक मोठा गुण असा, की घडलेले सगळे तोंडाने बारीकसारीक सांगावे लागत नाही. अत्याचार झालेल्या बाईला परक्या माणसापुढे ती हकीकत पुन्हा पुन्हा उच्चारणे केवढे कठीण! येथे ते मनात असले तरी चालते. घरी करायचा अभ्यासही दिलेला नसतो.

तुम्ही विचाराल, "म्हणजे आठवण पुसली जाते?" नाही. येथे आपला सातबारा पुन्हा काढू. फेरफार मंजूर झाला की जुने नाव खरवडून टाकत नाहीत, त्याला कंस करतात. ते वाचता येते, पण त्याचा अंमल संपलेला असतो. तसेच हे. बागायतदाराला भाऊ आठवेल, डोळ्यांत पाणीही येईल, यायलाच हवे. पण ती रात्र 'त्या साली घडलेली' होईल. आज पत्र्यावर वाजणारा पाऊस आजचाच पाऊस राहील.

आता सर्वांत अवघड प्रश्न: डोळे हालवल्याने असे का व्हावे? येथे शास्त्रज्ञांत मोठा वाद झाला आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. टीकाकार म्हणाले, भीतीची आठवण सुरक्षित जागी बसून पुन्हा पुन्हा पाहिली की भीती ओसरते, हे आधीपासून ठाऊक आहे. रोगी त्याने बरा होतो, बोटे हा नुसता देखावा आहे. काहींनी तर ह्या पद्धतीची तुलना अठराव्या शतकातल्या मेस्मरच्या मोहिनीविद्येशी केली. मग परीक्षा झाल्या. काही रुग्णांना डोळे हालवायला लावले, काहींना एका जागी स्थिर ठेवायला सांगितले. २००१ साली डेव्हिडसन आणि पार्कर ह्या संशोधकांनी अशा परीक्षांची एकत्र छाननी केली आणि डोळ्यांच्या हालचालीने विशेष भर पडत नाही असा निष्कर्ष काढला. २०१३ साली ली आणि कॉयपर्स ह्यांनी पुन्हा छाननी केली, तेव्हा हालचालीने काही प्रमाणात भर पडते असे दिसले.

भर पडत असेल तर ती कशी, ह्याचे एक पटण्याजोगे उत्तर नेदरलँड्समधल्या व्हान डेन हाउट, एंगेलहार्ड आदी संशोधकांनी पुढे आणले. एखाद्या क्षणी आपण मनात जे धरून ठेवतो त्याची जागा फार थोडी असते. ती घराच्या अरुंद ओसरीसारखी आहे असे समजा. आठवण आतल्या खोलीतून ओसरीवर आली आणि एकटीच बसली, तर ऐसपैस पसरते. त्याच वेळी बोटांचा पाठलाग करण्याचे कामही ओसरीवर येऊन बसले, तर आठवणीला अंग चोरून बसावे लागते. ती फिकी, धूसर होते आणि तशीच फिकी होऊन आत परत जाते. पुढच्या खेपेला येते तीही त्याच रूपात. प्रयोगांत असेही दिसले, की मनातल्या मनात आकडेमोड करायला लावली तरी आठवण फिकी होते, आणि डोळे आडव्याऐवजी वरखाली हालवले तरी होते. तेव्हा डावा मेंदू, उजवा मेंदू ह्यांच्या गोष्टी कोणी सांगू लागला तर सावधपणे ऐका. बोटांत जादू नाही, हे खुद्द शास्त्रज्ञांनीच तपासून दाखवले आहे. मांत्रिक आणि शास्त्रज्ञ ह्यांत हाच फरक: मांत्रिक आपल्या मंत्राची परीक्षा होऊ देत नाही, शास्त्रज्ञ गुण आल्यावरही विचारतो, "कशाने आला?"

कारणाचा वाद राहिला तरी गुण येतो ह्याविषयी पुरावा पुरेसा जमला. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने आघातोत्तर ताणविकारासाठी मोठ्या माणसांना आणि मुलांनाही हा उपचार देण्याची शिफारस केली. तीच शिफारस विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या आघातकेंद्री उपचारासाठीही आहे. म्हणजे हा एकच रस्ता आहे असे नाही. एकाच गावाला दोन वाटा जातात, एवढेच.

मोठ्या आपत्तीत एकेकाला तास-तास देणे शक्य नसते. १९९७ साली मेक्सिकोतल्या आकापुल्को शहरावर पॉलीन नावाचे चक्रीवादळ आले. तिथल्या वाचलेल्या मुलांसाठी लुसिना आर्तीगास ह्या बाईंनी एक सोपी रीत काढली. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवायचे आणि फुलपाखराच्या पंखांसारखी आळीपाळीने आपल्याच खांद्याजवळ हलकी थाप द्यायची. तिला 'फुलपाखराची मिठी' म्हणतात. मुले चित्रे काढीत आणि ही थाप देत. मुलांच्या घोळक्याबरोबर काम करण्याची पद्धत त्यातून पुढे उभी राहिली. आपल्याकडे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ-भूजला भूकंप झाला, त्यानंतर ह्या उपचाराचा वापर तिथे झाला आणि भारतातल्या मानसतज्ज्ञांना त्याचे शिक्षण मिळाले. आपल्या किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप कोण विसरेल? गणेशविसर्जनाच्या रात्री झोपलेली गावे पहाटेपूर्वी ढिगाऱ्याखाली गेली. घरे नवी बांधून झाली म्हणजे पुनर्वसन संपले, असे मानण्याची आपली रीत आहे. भिंतीबरोबर मनही पडते, त्याची नोंद पंचनाम्यात नसते.

आता तुमच्या-माझ्या हातात काय आहे ते सांगतो. पहिली गोष्ट, हे वाचून कोणी घरच्या माणसापुढे बोटे हालवू नयेत. जखमेची पट्टी काढणे सोपे असते. रक्त वाहू लागले तर काय करायचे, ते शिकलेल्यालाच ठाऊक असते. मिरगीचा, वेडाच्या झटक्यांचा किंवा व्यसनाचा त्रास असणाऱ्यांच्या बाबतीत तर तज्ज्ञही फार जपून पावले टाकतो. दुसरी गोष्ट, "काय झालं ते सगळं सांग, म्हणजे मोकळा होशील" असा आग्रह धरू नका. आपत्तीनंतर लगेच माणसाला बसवून सगळे बोलायला लावण्याने फायदा होत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचेही सांगणे आहे. जवळ बसा, जेवायला घाला, झोपेला सोबत द्या. तो बोलू लागला तर ऐका, गप्प राहिला तर गप्प राहा. तिसरी गोष्ट, "पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस काय?" हे वाक्य आपल्या तोंडून कायमचे काढून टाका.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्यासाठी एक वेगळा शब्द. घरात अपघात, मृत्यू, मारझोड झालेले मूल तुमच्यासमोर येऊन "मला त्रास होतो" असे म्हणणार नाही. ते खिडकीबाहेर बघत बसेल, आवाज झाला की दचकेल, पाठ केलेले विसरेल, उगाच मारामारी करील किंवा तोच अपघात खेळून दाखवील. अशा मुलाला आळशी किंवा उनाड ठरवण्याआधी, घरी काय घडले आहे ते एकदा विचारून घ्या. वर्गातला रोजचा ठराविक क्रम आणि न ओरडणारा एक शिक्षक हेच अशा मुलाला पहिले औषध असते. महिनाभरात सुधारणा दिसली नाही तर पालकांना विश्वासात घेऊन पुढची वाट दाखवा.

ती वाट अशी. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची चौकशी करा. तिथे हाच उपचार मिळेल असे नाही, पण निदान होईल आणि पुढे कोठे जावे ते कळेल. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर फोन केला तर पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. खासगी तज्ज्ञाकडे जाल तर दोन प्रश्न न लाजता विचारा: "आपण मानसशास्त्र किंवा मनोविकारशास्त्र रीतसर शिकला आहात का? आणि ह्या उपचाराचे वेगळे शिक्षण घेतले आहे का?" खरा जाणकार ह्या प्रश्नांनी रागावत नाही. जो एका बैठकीत हमखास बरे करण्याची हमी देतो, त्याच्या दारातून परत फिरा.

हाड मोडलेल्या माणसाला आपण 'तू कच्चा' असे म्हणत नाही. त्याला बैलगाडीत घालून का होईना, पण हाडवैद्याकडे किंवा दवाखान्यात नेतो. मन मोडलेल्या माणसासाठी गावाने एवढेच करावे: नावे ठेवू नयेत, आणि त्याला दवाखान्याच्या दारापर्यंत सोबत करावी.